वर काढाल, पण सांभाळणार कोण?

मा. संपादक,
सप्रेम जयभीम.

आपल्या रविवारच्या पुरवणीत श्रीलंकेच्या किनाऱ्याभोवती बुडालेल्या जहाजांवर पानभर लेख आला. लेख मन लावून लिहिलेला आहे, आणि नागपूरच्या वाचकाला समुद्राच्या तळाशी नेऊन आणणं सोपं नाही, हेही खरं. पण शेवटी लेखकाने विचारलं आहे की एवढी मोलाची जहाजं पाण्यात कुजत पडली असताना तिथलं सरकार ती वर का काढत नाही? आणि 'इच्छाशक्तीचा अभाव' हे ठेवणीतलं उत्तरही स्वतःच देऊन टाकलं आहे. त्या एका प्रश्नासाठी हे पत्र लिहितो आहे. लांबलं आहे, काटछाट खुशाल करा, फक्त लोखंडाचा भाग तेवढा ठेवा.

मी मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. नॅरोगेजची वाफेची इंजिनं होती तेव्हापासूनचा माणूस. गंज हा माझ्या पोटापाण्याचा विषय होता. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. समुद्राशी संबंध आला तो गेल्या हिवाळ्यात, इंदोऱ्यातून आमची धम्मयात्रा श्रीलंकेला गेली तेव्हा. बाबासाहेब १९५० मध्ये बौद्ध परिषदेसाठी कँडीला गेले होते, त्यामुळे आमच्या वस्तीत त्या देशाची ओढ जुनीच. अनुराधापूर, मिहिंतले, कँडी झालं आणि बस तिस्समहारामहून गॉलकडे निघाली. गॉल म्हणजे कसोटी सामन्यांचं गॉल. वाटेत अंबलनतोटाजवळ गोडवाय नावाचा लहानसा विहार लागतो. मंडळी चहासाठी उतरली, मी शिलालेख बघायला गेलो.

खडकावरचा हा लेख गजबाहू राजाचा, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. इथल्या बंदरातून मिळणारी जकात राजाने विहाराला दान दिली, असा त्याचा आशय. म्हणजे या ओसाड दिसणाऱ्या किनाऱ्यावर त्या काळी दान देण्याइतकी जकात जमत होती. आता या गावासमोरच्या समुद्रात काय आहे ते बघा, कारण आपल्या लेखात त्याला जेमतेम दोन ओळी मिळाल्या आहेत.

२००३ मध्ये शंख काढणाऱ्या स्थानिक पाणबुड्यांना इथे तळाशी काही दगडी वस्तू दिसल्या. पुढे २०१२ ते २०१४ या काळात अमेरिका, फ्रान्स आणि श्रीलंकेच्या पुरातत्त्वज्ञांनी तिथे पद्धतशीर काम केलं. खोली सुमारे ३३ मीटर. एवढ्या खोलीवर माणूस एका बुडीत वीस-पंचवीस मिनिटंच काम करू शकतो, त्यातही तिथला प्रवाह जोरकस. सापडलं ते जहाज सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं. हिंदी महासागरात आजवर सापडलेल्या बुडित जहाजांत सर्वांत जुनं. त्यात सोनं नाही, हिरे नाहीत. आहे तो कच्चा माल: काळ्या-निळ्या काचेच्या लगडी, लोखंड आणि तांबं, मातीची भांडी आणि पाय असलेले दगडी पाटे. एका पाट्यावर श्रीवत्स आणि नंदिपाद ही जुनी शुभचिन्हं आणि मासा कोरलेला आहे. ही चिन्हं आपल्याला परकी नाहीत. सातवाहनांची नाणी ज्याने हाताळली आहेत त्याला नंदिपाद ओळखू येईल.

यातला लोखंडी माल गंजून, एकमेकांना चिकटून त्याचा एक ढीगच झाला आहे. लेखकाच्या म्हणण्याप्रमाणे तो ढीग उद्या क्रेनने उचलून किनाऱ्यावर ठेवला, तर काय होईल? हे मी सांगू शकतो.

समुद्रातल्या पाण्यात मीठ असतं. त्यातलं क्लोराइड गंजातून वाट काढत लोखंडाच्या आतल्या थरापर्यंत जातं आणि तिथे ठाण मांडतं. वस्तू वाळूत गाडलेली असते तोवर प्राणवायू कमी, त्यामुळे गंजाची चाल मंद. वरून चुना, वाळू, शिंपले आणि गंज यांचं टणक कवच चढतं, तेही एक प्रकारे राखणच करतं. तीच वस्तू वर काढून उघड्यावर ठेवली की हवा लागते आणि आतलं क्लोराइड जागं होतं. ते हवेतली ओल ओढून घेतं. लोखंडावर पिवळट-तांबूस थेंब फुटतात. हे थेंब आम्लाचे असतात. मग पापुद्रे सुटतात, मग तडे जातात, आणि शेवटी तबकात भुगा उरतो. शेकडो वर्षं पाण्यात टिकलेली वस्तू दोन-तीन पावसाळ्यांत संपते.

माझ्या साडूंनी कोकणातून एका जुन्या बोटीच्या साखळीची कडी आणली होती. कोळ्याच्या जाळ्यात आलेली, मनगटाएवढी जाड. जानेवारीत आणली, दिवाणखान्यात मांडली. मे महिन्यापर्यंत ती अशी खडखडीत होती की साडू मलाच हसत होते. नागपूरचा उन्हाळा हा दोष लपवतो, कारण हवेत ओलच नसते. जुलै लागला आणि कडीवर थेंब आले. शेजारचे एक काका बघून म्हणाले, "लोखंडाले बी घाम येते का, भाऊ?" येतो. दिवाळीला त्या कडीचे पापुद्रे सुपात भरून टाकले. ही एका कडीची गोष्ट, जहाजभर लोखंडाचा विचार करा.

बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, तोफ त्याहून फसवी. शेकडो वर्षांत बिडातलं लोखंड विरून जातं आणि उरलेलं ग्राफाइट तोच आकार धरून राहतं. बाहेरून तोफ अख्खी दिसते, त्यावरची अक्षरंसुद्धा वाचता येतात, पण वरचा थर सुरीने खरवडला जातो. घाईने वाळवली तर तो थर सालपटासारखा सुटतो आणि अक्षरं त्याच्याबरोबर जातात.

यावर उपाय नाही असं नाही. वस्तू पाण्यातून काढल्यापासून कोरडी पडू द्यायची नाही. कॉस्टिक सोड्याच्या पातळ पाण्यात बुडवून ठेवायची, जमेल तिथे सौम्य वीजप्रवाह सोडायचा, म्हणजे क्लोराइड हळूहळू बाहेर पाण्यात येतं. पाणी बदलायचं, पुन्हा तपासायचं, पुन्हा बदलायचं. नमुन्यात आधी थोडं आम्ल आणि मग सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले आणि पांढरा साका दिसला की समजायचं, अजून बाकी आहे. वाफेच्या इंजिनांच्या काळात बॉयलरच्या पाण्यातलं क्लोराइड तपासायला हेच सिल्व्हर नायट्रेट वापरायचे, त्यामुळे ही गोष्ट वाचताना मला फार ओळखीची वाटली. साका येणं थांबलं की धुवायचं, वाळवायचं, टॅनिक ॲसिड द्यायचं, वरून मेणाचा थर. लहान खिळ्याला काही महिने, मोठ्या तोफेला काही वर्षं. आणि कधी कधी कवच फोडायला जावं तर आत लोखंड उरलेलंच नसतं, नुसती पोकळी असते. मग एक्स-रे काढून त्या पोकळीत रेझिन ओततात आणि हरवलेल्या कुऱ्हाडीचा किंवा खिळ्याचा हुबेहूब ठसा काढतात. हे काम करणाऱ्याला मी उभ्या उभ्या सलाम करीन. वर्कशॉपमध्ये असा एक हात असता तर आम्ही त्याला डोक्यावर घेऊन नाचलो असतो.

लाकडाचीही तीच कथा. स्वीडनचं 'वासा' हे जहाज १६२८ मध्ये बुडालं आणि १९६१ मध्ये अख्खं वर काढलं. लोक त्याचंच उदाहरण देतात. पण वर काढल्यानंतर त्यावर सतरा वर्षं पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे फवारे मारत बसावं लागलं, हे कोणी सांगत नाही. पाणी भरलेलं जुनं लाकूड तसंच वाळू दिलं तर आकसून वेडंवाकडं होतं, म्हणून पाण्याच्या जागी ते मेणचट रसायन भरायचं. तेवढ्यावर भागलं नाही. पुढे लाकडातल्या गंधकापासून आम्ल तयार होऊ लागलं. साठच्या दशकात बसवलेले लोखंडी बोल्ट गंजले, आणि ते पाच हजारांहून जास्त बोल्ट काढून अलीकडे खास स्टेनलेस स्टीलचे बसवावे लागले. एक-एक बोल्ट हाताने, लाकडाला धक्का न लावता. श्रीमंत देश, थंड हवा, आणि लाकूड पोखरणारा किडा ज्या समुद्रात फारसा जगत नाही असा बाल्टिक, एवढं सगळं अनुकूल असताना ही स्थिती. श्रीलंकेच्या उबदार पाण्यात वाळूबाहेर राहिलेलं लाकूड तो किडा खाऊन टाकतो. जे वाळूखाली गेलं तेवढंच वाचलं.

आता गॉलचं सांगतो. लेखात 'ॲव्होन्डस्टर'चा उल्लेख आहे, पण तिची पुढची हकिकत नाही. हे डच ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज, मूळचं इंग्रजांचं, डचांनी पकडलेलं. १६५९ च्या जुलैमध्ये गॉलच्या बंदरात नांगर सुटला, जहाज वाळूवर चढलं आणि दुभंगलं. किनाऱ्यापासून शंभर मीटरच्या आत, चार-पाच मीटर पाण्यात. २००१ मध्ये श्रीलंकेने गॉलला सागरी पुरातत्त्वाचं वेगळं पथक उभं केलं, डचांनी पैसा आणि माणसं दिली, आणि तिथल्या तरुण पुरातत्त्वज्ञांना पाण्यात उतरायला शिकवून या जहाजाचं उत्खनन झालं. म्हणजे आपले लेखक म्हणतात ती इच्छाशक्ती दाखवून झाली आहे. वस्तू वर आल्या, बंदराच्या काठावरच्या प्रयोगशाळेत टाक्यांमध्ये ठेवल्या गेल्या. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. प्रयोगशाळा उद्ध्वस्त झाली, सांभाळून ठेवलेल्या कित्येक वस्तू वाहून गेल्या. काही पुढे चिखलातून वेचून आणल्या. आणि जहाजाचा जो भाग वर काढला नव्हता, ज्यावर जाळी अंथरून वाळू धरून ठेवली होती, तो होता तिथेच राहिला.

यावरून उत्खनन करूच नये असं मी म्हणत नाही. गॉलच्या लोकांनी नंतर सगळं पुन्हा उभं केलं, डच गोदामातलं सागरी संग्रहालय २०१० मध्ये नव्याने उघडलं, मी ते पाहून आलो. पण वर काढणं म्हणजे वाचवणं, हे समीकरण इतकं सरळ नाही. युनेस्कोचा २००१ चा पाण्याखालच्या वारशाबद्दलचा करारही हेच सांगतो की जतनाचा पहिला विचार जागच्या जागी ठेवण्याचा करा. हा आळस नव्हे.

लेखकाने सर्वांत जास्त जागा दिली आहे ती श्रीलंकेच्या आग्नेय किनाऱ्यासमोरच्या ग्रेट बॅसेस खडकाजवळच्या चांदीला. दीपगृहाजवळच्या त्या खडकात १९६१ मध्ये औरंगजेबाच्या रुपयांचे गोळे सापडले. सापडले ते विज्ञानकथाकार आर्थर सी. क्लार्क यांचे सहकारी माइक विल्सन आणि त्यांच्यासोबतच्या दोन अमेरिकन मुलांना. हजार-हजार नाण्यांच्या थैल्या. कापड कुजलं तरी नाणी थैलीच्या आकारातच चिकटून राहिलेली. एकेक रुपया साडेअकरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एक थैली साडेअकरा किलो चांदीची. आपल्या लेखात आजच्या भावाने किंमतही काढून दिली आहे. माझ्या मते तिथे एक ओळ राहून गेली. ही नाणी सुरतेच्या टांकसाळीतली, हिजरी १११३ ची, म्हणजे १७०१-०२ ची. त्या वर्षी बादशहा स्वतः कुठे होता? आपल्या सह्याद्रीत, विशाळगडाला वेढा घालून, पावसाचिखलात. ताराबाईंच्या माणसांनी त्याला महिनोन्महिने तिथे अडकवून ठेवलं होतं. बादशहाला एक गड मिळत नव्हता, तेव्हा त्याच्या नावाचे कोरे रुपये सुरतेहून जहाजात चढून लंकेच्या पुढे निघाले होते. लढाई आणि व्यापार एकाच वेळी कसे चालतात, हे त्या थैल्या सांगतात. पण जहाज कोणाचं, कुठे निघालेलं, नाव काय, हे अजून अज्ञातच आहे. खडकाळ जागा, लाटांचा मारा, जहाजाचं अंग फारसं उरलेलं नाही. चांदी हाती आली आणि गोष्ट अर्धीच राहिली. गोडवायला दमडीची चांदी नाही, पण काय कशाशेजारी ठेवलं होतं ते तळाशी अजून शाबूत आहे. मला विचाराल तर गोडवाय जास्त मोलाचं.

लोखंडी, पोलादी जहाजंही तिथे पुष्कळ आहेत. १९०३ मध्ये हिक्कडुवाजवळ बुडालेलं 'काँच' हे तेलवाहू जहाज तर पाणबुड्या पर्यटकांचं नेहमीचं ठिकाण आहे. त्यावर मी जास्त लिहीत नाही. पण बट्टिकलोआजवळच्या 'हर्मीस' या ब्रिटिश युद्धनौकेबद्दल लिहिलंच पाहिजे. ९ एप्रिल १९४२ ला जपानी विमानांनी ती बुडवली. तिच्यावरचे ३०७ लोक मेले. ती पन्नासेक मीटर खाली आहे. ती 'वर काढा' म्हणताना तिच्यासोबत कोण खाली गेलं याचाही विचार हवा. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली, त्यांत कोकणातली कुटुंबंच्या कुटुंबं होती. तिचा सांगाडा उचलून तिकीट लावून दाखवा, असं आपल्यापैकी कोणी म्हणेल का?

खाली ठेवलं म्हणजे विसरलं, असंही चालत नाही. जावाच्या समुद्रात दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या डच युद्धनौका २०१६ मध्ये शोधायला गेले तर तळाशी नुसते खड्डे. भंगारवाल्यांनी अख्ख्या नौका कापून नेल्या होत्या, माणसांच्या अस्थींसकट. तेव्हा जागच्या जागी ठेवायचं तर गस्त हवी, मच्छीमारांना विश्वासात घ्यायला हवं, दरवर्षी खाली जाऊन पाहणी हवी. तेही खर्चाचं काम आहे, फक्त त्याचे फोटो येत नाहीत. उलट २०२१ मध्ये कोलंबोसमोर जळून बुडालेल्या 'एक्स-प्रेस पर्ल'सारखं जहाज मात्र उचलायलाच हवं. त्यातून सांडलेल्या प्लॅस्टिकच्या दाण्यांनी किनारे भरून गेले होते. ते वारसा नव्हे, कचरा आहे.

आता वाचक म्हणतील की नागपूरच्या माणसाने एवढा समुद्र कशाला घोटावा? त्याचं कारण आपल्याच मातीत आहे. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात निघाली आहे. महूरझरी, जुनापाणी इथल्या शिलावर्तुळांत, म्हणजे भोवती दगड मांडलेल्या जुन्या दफनांत, अडीच हजार वर्षांपूर्वीची लोखंडी कुऱ्हाडी, घोड्याचे लगाम, छिन्न्या निघाल्या. महूरझरीला तर दगडी मण्यांचा कारखानाच होता. गोडवायच्या जहाजातलं लोखंड नायकुंडचं, असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण असं लोखंड बनवणारे, ते बैलावर लादून बंदरापर्यंत नेणारे लोक आपल्यासारख्या समुद्रापासून लांबच्या मुलखातच राहत होते.

आणि ते लोखंड जपण्याची विद्या समुद्रातली आणि जमिनीतली बरीचशी एकच आहे. मिठाचं प्रमाण कमी-जास्त, एवढाच फरक. विदर्भातलं असं लोखंड अजब बंगल्यासारख्या संग्रहालयांत, विद्यापीठाच्या कपाटांत आणि खात्यांच्या गोदामांत ठेवलेलं असतं. त्याला जुलैत काय होतं, हे कोण बघतं? माझी सूचना अशी की पुरातत्त्वाचे विद्यार्थी आणि आयटीआयची फिटर, वेल्डर शाखेची मुलं यांना एकत्र बसवून धातूजतनाचा एक लहान अभ्यासक्रम नागपुरात सुरू व्हावा. टाक्या, बॅटरी चार्जरसारखा वीजपुरवठा, डिस्टिल्ड पाणी, काही रसायनं, आणि वर एक जाणता रसायनशास्त्रज्ञ, एवढ्यावर सुरुवात होते. हात तयार असलेली मुलं आपल्याकडे आहेत, कामाविना बसलेली आहेत. शिकवायला कोणी निवृत्त फिटर हवा असेल तर मी आणि माझे दोन सहकारी मानधनाशिवाय यायला तयार आहोत. आमचे गुडघे गेले आहेत, हात शाबूत आहेत.

आपला,
एक निवृत्त रेल्वे फिटर
इंदोरा, नागपूर

ता. क. : लेखातल्या मोठ्या फोटोखाली 'हर्मीस'ला 'ब्रिटिश मालवाहू जहाज' म्हटलं आहे. ती विमानवाहू युद्धनौका होती. त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाची 'व्हॅम्पायर' ही विनाशिकाही तिच्यासोबत बुडाली, तिचं नाव लेखात कुठेच नाही. दोन्ही दुरुस्त्या पुढच्या रविवारी छापाव्यात.